दोन पिंपांवरची गिटार

जगात डावं-उजवं न करणारी माणसं थोर समजली जातात. आमचे साडू त्या अर्थाने मुळीच थोर नाहीत. उभ्या पनवेल तालुक्यात त्यांच्याइतकं डावं-उजवं करणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. माणसामाणसांत नव्हे, तिथे ते कुरियर घेऊन आलेल्यालाही आत बसवून सरबत पाजतात. त्यांचं डावं-उजवं चालतं ते आवाजाच्या बाबतीत. लग्नाला गेले की सनईचे दोन स्पीकर कुठे लावलेत ते आधी बघतात आणि त्यांच्या बरोब्बर मधली खुर्ची पकडतात, मग ती वरमाईसाठी राखलेली का असेना. रिक्षात तिघे असलो तर मधे बसतात, आणि एकटे असले तरी मधेच बसतात. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा हात धुवायच्या आधी त्यांनी माझा सोफा भिंतीपासून चार फूट पुढे ओढला आणि म्हणाले, "आता टीव्ही ऐका." मी म्हटलं, "साडूभाऊ, टीव्ही बघायचा असतो." "तिथंच तर सगळे चुकतात," ते म्हणाले. सोफा पुढे आल्यामुळे स्वयंपाकघराची वाट बंद झाली, आणि माझ्या बायकोने त्या दिवशी श्रीखंड सोफ्याच्या पाठीवरून वाढलं.

या वेडाचं मूळ त्यांच्या तरुणपणात आहे. दिवसा उरणच्या बंदरात एका क्लिअरिंग एजंटाच्या कचेरीत कागदांवर शिक्के मारायचे आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची, असा त्यांचा बारा वर्षांचा क्रम. ऑर्केस्ट्राचं स्टेज म्हणजे चार चौक्या आणि त्यांवर सतरंजी. त्यात सात माणसं कशीबशी मावायची, त्यामुळे प्रत्येकाची जागा ठरलेली. साडूंची जागा ड्रमवाल्याला खेटून. ड्रमवरची ती पितळी थाळी बारा वर्षं त्यांच्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर वाजत राहिली. आणि एवढं सोसून त्यांच्या गिटारचा आवाज यायचा कुठून, तर बांबूला बांधलेल्या एकुलत्या एका कर्ण्यातून. त्यातच गायिका, त्यातच ढोलकी आणि त्यातच 'अमुक नंबरची गाडी बाजूला घ्या'. अशा दिवसांत एकदा मुंबईत वाद्यांच्या एका दुकानात त्यांनी कुणालातरी दोन ॲम्प्लिफायरांवर एक गिटार वाजवताना ऐकलं. त्या प्रसंगाचं वर्णन त्यांनी मला निदान चाळीस वेळा ऐकवलंय. "आवाज खोलीत हिंडत होता हो," ते सांगतात. "इकडून निघाला, तिकडं टेकला, परत आला. घरचा माणूस हिंडावा तसा!" त्या ॲम्प्लिफायरांची किंमत त्यांनी विचारलीच नाही. एकेक डाग कपाटाएवढा होता. तो घरात आला असता तर माणसांना बाहेर निजावं लागलं असतं. पुढे मुलीचं शिक्षण आलं, करंजाड्याचा फ्लॅट आला, गावोगावी डीजे आला आणि ऑर्केस्ट्रा बसला. हिंडणारा आवाज मनातच राहिला.

मग बावन्नाव्या वर्षी त्यांना कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, की डावा कान चाललाय. वर्ष, फार तर दोन. उपाय काही नाही. आम्ही सगळे चेहरे पाडून त्यांना भेटायला गेलो, तर हे पाय हलवत बसलेले. "उजवा कायम आहे," मला म्हणाले, "डावा हंगामी निघाला. चालायचंच." ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, चहा ठेवायला आत गेल्यावर मात्र त्यांनी माझा हात धरला. "एकदाच," ते म्हणाले. "माझी गिटार मला एकदा दोन्ही कानांनी ऐकायचीय. हिंडणारी. मग त्याला जायचं तर खुशाल जाऊ दे." त्या दिवसापासून त्यांची आणि त्या डाव्या कानाची शर्यत सुरू झाली.

ताईने एकच अट घातली: घरात नवी वस्तू येणार नाही. एका माणसाच्या हौसेपायी ती आधीच तीन हार्मोनियम, एक मोडका टेपरेकॉर्डर आणि एक मृदंग पलंगाखाली सांभाळत होती. पण तोवर काळ साडूंच्या बाजूने फिरला होता. कपाटाएवढ्या ॲम्प्लिफायरांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या, पोळीच्या डब्याएवढ्या डिजिटल डब्या बाजारात आल्या होत्या. त्यांना मॉडेलर म्हणतात, हे मला नंतर कळलं. साडू त्यांना बहुरूपी म्हणायचे. बटण फिरवलं की डबी एका ॲम्प्लिफायरचं सोंग घेते, आणखी फिरवलं की दुसऱ्याचं. "पोलिसाचा वेश काढला की लगेच साधू," साडू कौतुकाने सांगायचे. एक बहुरूपी डावीकडे, एक उजवीकडे, दोन स्पीकर आणि मधे आपण, की झालं. आणि लोकांना या डब्यांचा कंटाळा फार लवकर येत असल्यामुळे त्या जुन्या बाजारात मिळत. उजवा बहुरूपी त्यांना करंजाड्यातच दोन इमारती सोडून सापडला. डावा मिळाला पनवेलच्या गफूरभाईंकडे. गफूरभाई मस्कतला ड्रायव्हर होते. तिथला त्यांचा साहेब मायदेशी परतताना ही डबी त्यांना भेट देऊन गेला होता. साडू आणि मी बघायला गेलो, तर डबी शोकेसमध्ये, वर जाळीचा रुमाल. "चीज बिल्कुल नवीन आहे, साहेब," गफूरभाई म्हणाले. "खोटं कशाला बोलू? दिसते खूबसूरत. पण दोन वर्षं झाली स्टेशन शोधतोय, एक लागेल तर कसम. गच्चीवर नेऊन पाहिली, तरी नाही." साडूंनी त्यांना ती रेडिओ नसल्याचं सांगितलं, पिशवीतून गिटार काढली, तार जोडली आणि एक सूर छेडला. गफूरभाईंनी डोळे मिटले. "माशाल्ला," ते म्हणाले, "हिच्या पोटात हे होतं तर!" त्यांनी भाव पाडून दिला आणि रुमालही दिला. तो रुमाल डाव्या बहुरूप्यावर आजही आहे.

स्पीकर मिळाले बंद पडलेल्या एका कॉम्प्युटर क्लासमधून. ते हलके होते, पण कानाच्या उंचीवर यायला हवे होते, आणि दोन सारख्या उंचीच्या वस्तू घरात एकाच जातीच्या होत्या: ताईची तांदळाची दोन पिंपं. साडूंनी ती स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आणली. ताईची लोकर घेऊन दोन पिंपं आणि स्वतःची खुर्ची यांच्यामधली अंतरं मोजली, तिन्ही बाजू सारख्या भरल्यावर फरशीवर खडूने खुणा केल्या आणि पिंपांवर स्पीकर बसवले. आता भात लावायचा म्हणजे ताईला आधी हॉलमध्ये येऊन स्पीकर उतरवावा लागे. तेही तिने सोसलं. पण महिनाअखेरीला साडूंच्या लक्षात आलं, की डावीकडून आवाज घुमतोय आणि उजवीकडून घुमत नाही. दोन दिवस तारा तपासल्यावर त्यांनी पिंपाचं झाकण उघडलं. ताई बिचारी रीतीप्रमाणे आधी एक पिंप संपवत होती. डावं रिकामं, उजवं गच्च! त्या दिवसापासून घरात नियम झाला: एक वाटी डावीकडून, एक वाटी उजवीकडून. "आणि तीन वाट्या लागल्या तर?" ताईने कमरेवर हात ठेवून विचारलं. साडूंनी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाले, "तर उद्या उजवीकडून सुरू कर." ताईने माझ्याकडे असं पाहिलं, की साडू या नात्याचा मला काही काळ संकोच वाटला.

या सगळ्यात माझं काम एकच होतं. मला सूर कळत नाहीत. आरतीत मी नुसते ओठ हलवतो. पण साडूंच्या मते माझे कान कोरे असल्यामुळे निःपक्षपाती होते. दर रविवारी मला पनवेलच्या तळ्याजवळच्या माझ्या घरातून करंजाड्याला जावं लागे, मधल्या खुर्चीत बसावं लागे आणि ते वाजवत असताना डोळे मिटून बोटाने दिशा दाखवावी लागे. बोट नाकासमोर आलं की ते खूश. एकदा मला डुलकी लागली आणि बोट पायाकडे गेलं, तर त्यांनी गिटार ठेवून वाकून पिंपाखाली पाहिलं. गिटार जुनी असल्यामुळे इमारतीच्या पाण्याचा पंप सुरू झाला की तिच्यात गुणगुण यायची. साडू वैतागायचे, पण तळमजल्यावरच्या काकूंना त्याचा फार उपयोग झाला. त्या खालूनच ओरडायच्या, "अहो, पाणी सुटलं का?" साडू तार दाबून कान द्यायचे आणि ओरडायचे, "सुटलं!"

असे सात-आठ महिने गेले. सगळं जमलं होतं, आणि आवाज मात्र हिंडत नव्हता. डावीकडून नीट यायचा, उजवीकडून नीट यायचा. दोन्ही मिळून वाजवले की मधल्या खुर्चीत हवा गेल्यासारखा पोकळ व्हायचा. साडूंनी बहुरूप्यांची सगळी सोंगं फिरवून पाहिली. मग एका रविवारी मी गेलो तर गिटार गवसणीत होती आणि ते गॅलरीत करंजाड्याच्या नव्या इमारतींकडे बघत बसले होते. "आवाजात खोट नाही," ते म्हणाले. "कानातच आहे. गेला वाटतं तो. उशीर केला मी." माझ्याही कानाला तो पोकळच वाटत होता, हे मी त्यांना सांगितलं, पण माझ्या कानांवरचा त्यांचा विश्वास नेमका त्याच दिवशी उडाला होता. एवढं बोलणारा माणूस गप्प बसला की घर कसं दिसतं ते मी तेव्हा पाहिलं. ताई दोनदा गॅलरीत येऊन गेली. तिसऱ्यांदा ती तिकडे न जाता हॉलमध्ये पिंपांच्या मागे वाकली. स्पीकरला जोडलेली वायर त्यांच्या घरगुती गणपतीच्या रोषणाईची होती. पिवळी, दोन पदरी, दोन्ही पदर एकाच रंगाचे. ती रोषणाई दरवर्षी ताईच जोडते. "अहो," तिने तिथूनच हाक मारली, "या वायरीच्या एका पदराला मी गाठ मारून ठेवते, उलटसुलट होऊ नये म्हणून. तुम्ही इकडे गाठीचा पदर लालला लावलाय आणि तिकडे काळ्याला. मग ते स्पीकर एकमेकांविरुद्ध नाही का वाजणार?" साडू गॅलरीतून आले, वाकले, गाठ पाहिली. मला हे शास्त्र कळत नाही; एक आत श्वास घेत होता तेव्हा दुसरा बाहेर सोडत होता, असं काहीतरी साडूंनी नंतर समजावलं. तेव्हा मात्र ते फरशीवर बसूनच राहिले. "म्हणजे कान आहे," म्हणाले. "आहे हो आहे," ताई म्हणाली, "अक्कल तेवढी गेलीय."

पदर बदलला आणि आवाज भरला. पण हिंडण्याच्या आधीच कोन गावाहून दामूशेठ आले. दामूशेठ म्हणजे साडूंच्या ऑर्केस्ट्रातले ढोलकीवाले. पुढे त्यांची जमीन गेली, पैसा आला, पण माणूस होता तसाच राहिला. मुलाची हळद होती आणि "डीजे रोजचाच हाय, तू ये, तुजी गिटार घेऊन ये" असा त्यांचा हुकूम होता. साडूंना नाही म्हणता आलं नाही. शिवाय मनातून त्यांना ते मोठ्या मैदानात ऐकायचंच होतं. दोन्ही बहुरूपी टोपलीत घालून आम्ही टेम्पोने कोनला गेलो. साडूंनी युक्ती केली होती: गाण्याची पहिली ओळ डाव्या बाजूने विचारायची, दुसरीने उजव्या बाजूने उत्तर द्यायचं. आता कोनमध्ये काय किंवा आसपासच्या कुठल्याही गावात काय, हळदीला मांडववाला दोन मोठे स्पीकर आणतो ते एक नाचणाऱ्यांसाठी मांडवात आणि दुसरा मागे चुलींपाशी, कारण तिथे दुपारपासून राबणाऱ्या बायामाणसांनी काय पाप केलंय? वर्षानुवर्षांची रीत. साडूंनी वायरी मांडववाल्याच्या हातात दिल्या आणि तो त्या रीतीने लावून मोकळा झाला. मधे दामूशेठचं सबंध घर उभं.

संध्याकाळी साडूंनी सुरुवात केली. मांडवात पहिली ओळ दणक्यात आली, पोरांनी पाय उचलले, आणि गिटार गप्प! पाय हवेत. मग पुन्हा ओळ, पुन्हा शांतता. चौथ्या वेळी नवरदेवाचे मामा तोल जाऊन हळदीच्या ताटावर बसले. दामूशेठ धावत आले. "अरे, मदीच गप कशी बसते तुजी गिटार? वायर ढिली हाय काय?" तेवढ्यात मागून भाकऱ्या थापणारी एक बाई पिठाच्या हातांनी बघायला आली. "आमाला तर झकास ऐकू येतंय," ती म्हणाली. "निसती उत्तरं येतात. सवाल कोन टाकतंय त्येवढं कलत नाय." साडूंचा चेहरा पाहवत नव्हता. पण दामूशेठ हाडाचे ढोलकीवाले. त्यांनी रिकाम्या ओळीत हात आपटून ठेका दिला. दुसऱ्या खेपेला पोरांनी तिथे शिट्ट्या आणि आरोळ्या भरल्या. मागे चुलींपाशी बायांनी आपल्या वाट्याच्या रिकाम्या ओळी पातेल्यांवर झाऱ्यांनी भरल्या. अर्धं गाणं इकडे, अर्धं तिकडे, आणि दोन्हीकडे लोक बेभान नाचतायत. साडू वाजवत होते, पण एकाएकी ते स्टेजवरून उतरले आणि गिटारची लांब वायर ओढत घराच्या बाजूने निघाले. मी मागे धावलो. घराच्या कुशीला, जिथे मांडव संपतो आणि चुली अजून लागायच्या असतात, तिथे खरकटी भांडी घासायची जागा होती. त्या चिखलात घोट्यापर्यंत पाय रुतवून ते थांबले. डाव्या हाताला मांडव, उजव्या हाताला चुली. सगळ्या कोन गावात गाणं पुरं ऐकू येत होतं ते तेवढ्या एका जागी.

मी त्यांच्याजवळ उभा राहिलो आणि मला सूर न कळणाऱ्यालाही ते कळलं. आवाज डावीकडून शिट्ट्यांसकट निघाला, आमच्या अंगावरून गेला, उजवीकडे पातेल्यांत टेकला आणि परत आला. साडू रडत होते आणि हसतही होते, आणि हात थांबत नव्हता. "हिंडतोय!" ते माझ्या अंगावर ओरडले. "दोन्हीकडून येतोय, साडूबुवा! दोन्हीकडून!" भांडी घासणारी म्हातारी राख लावलेलं पातेलं हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली होती. "ह्ये आतल्या बाजूला का नाय वाजवत?" तिने मला विचारलं. त्यांनी ते गाणं त्या चिखलात उभं राहून पाच वेळा वाजवलं.

पुढल्या दिवाळीला डावा कान गेला. डॉक्टरांच्या शब्दाबाहेर एक महिनाही तो राहिला नाही. साडूंनी शर्यत जिंकली होती, त्यामुळे तक्रार केली नाही. आम्ही मात्र मनातून धरून चाललो होतो, की आता पिंपं स्वयंपाकघरात परत जातील. गेली नाहीत. मागच्या रविवारी गेलो तर ते वाजवत होते. खिडकीकडे तोंड करून त्यांनी एक गाणं पुरं वाजवलं. मग उठले, खुर्ची तिथल्या तिथे उलटी फिरवली, भिंतीकडे तोंड करून बसले आणि तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. मी विचारलं, हे काय? "असं बसलं की उजवा स्पीकर उजव्या कानाला," ते म्हणाले, "आणि फिरून बसलं की डावा स्पीकर उजव्या कानाला. बेरीज डोक्यात करायची. वेळ दुप्पट लागतो एवढंच." आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "अहो, दोन्हीकडून आलेलं कसं लागतं ते ठाऊक आहे मला. कोनला ऐकलंय." मग ते कोथिंबीर आणायला खाली गेले.

ताई भात लावायला पातेलं आणि वाटी घेऊन हॉलमध्ये आली. तिने डावा स्पीकर उतरवून माझ्या हातात दिला, पिंपातून एक वाटी तांदूळ काढले आणि उजव्या पिंपाकडे वळली. मी म्हटलं, "ताई, आता एकाच पिंपातून घे की. डावीकडचं घुमलं तरी त्यांना कुठे कळणारे?"

"त्यांना कळत नाही म्हणून तर मला बघावं लागतं, भाऊजी," ती म्हणाली, उजवा स्पीकर उतरवून तिकडचीही वाटी शिगोशीग भरली, तो परत बसवला आणि आत गेली.

मी तो स्पीकर हातात घेऊन तसाच उभा राहिलो. जिन्यात साडूंची चाहूल लागली तसा मी तो पटकन डाव्या पिंपावर ठेवला, खडूच्या खुणेवर पिंप बरोबर आहे ना ते वाकून पाहिलं, आणि मधल्या खुर्चीत जाऊन डोळे मिटून बसलो.